आखाजीची तारीख

तुमच्या आबांनी लिहिलेला एक प्रोग्राम अजून चालतो, हे तुम्हा दोघांना ठाऊक नसेल. भडगावजवळ गिरणाकाठच्या एका गावात शेतकऱ्यांची पाणी सोसायटी आहे. नदीवरच्या पंपाचं पाणी कोणी कधी घ्यायचं, त्या पाळ्या तिथल्या कॉम्प्युटरवरचा हा प्रोग्राम लावतो. आबा तो घरूनच सांभाळायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे शेतीचं वर्ष बदलतं. त्या दिवसापासून मागच्या वर्षी पाळीत शेवटी असलेला पहिला होतो.

यंदाच्या आखाजीला, आबा गेल्यानंतरच्या पहिल्याच, मी त्यांच्या नावाची घागर भरली. धुळ्याच्या या घरात आता एकटीपुरता रस काढायचा, म्हणजे एकच आंबा. नंतर थोड्याच दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"अक्का, मशीन येडं व्हयी गयं! जुन्याच पाळ्या दाखाडी राह्यनं. बठ्ठा शेतकरी भांडी राह्यनात."

"बघते, दुरुस्त होतं का."

"नही व्हयनं तर काढी टाकसूत. चिठ्ठ्या टाकसूत."

आबांचे कपडे मी देऊन टाकले होते, चष्माही. त्यांचं चालतं असं एवढंच उरलं होतं. मी तुमच्या बाबाला फोन लावला. त्याने तिकडूनच, इंटरनेटवरून, आबांचा कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती.

"आई, इथे एक तारीख बसवून ठेवलीय. का, ते एका ओळीनंही लिहिलेलं नाही. माझ्या ऑफिसात कोणी असं केलं असतं ना..."

"कोणती तारीख?"

त्याने सांगितली.

"अरे, ती मागची आखाजी!"

दरवर्षी आखाजीच्या आधी आबा आतून हाक मारायचे, "अगं, पंचांग बघून तारीख सांग." मी चिडवायचे, "इंजिनिअर ना तुम्ही? पंचांग वाचता येत नाही?" ते म्हणायचे, "मग तुला काय काम राहील?" ती तारीख कशाला हवी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

नवी तारीख घातली आणि पाळ्या सरळ झाल्या.

"आता सोसायटीसाठी सगळं लिहून काढ," तुमचा बाबा म्हणाला. "शाळेत शिकवलंस इंग्रजी, पण मराठी माझ्यापेक्षा तुझीच बरी."

कोणती फाईल उघडायची, तारीख कुठे भरायची, हे त्याला विचारून भराभर लिहिलं. शेवटी प्रश्न आला, तारीख मिळवायची कुठून? तिथे हात थांबला. 'धुळ्याला फोन करून विचारावी' एवढं लिहिलं असतं तरी कोणाचं अडलं नसतं. वर्षातून एक फोन तरी वाजला असता. पण तो उचलायला मी नसेन, त्या वर्षी पुन्हा भांडणं होतील. म्हणून लिहिलं, 'कोणत्याही दिनदर्शिकेत अक्षय तृतीया पाहावी.' आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी सेक्रेटरींचा निरोप आला. "एकदम सोपं शे, अक्का. आते तुमले तरास नही."