मोहाच्या झाडाखाली घेतलेली चाचणी

शोभाताईच्या फोटोखाली 'थोर संशोधक' लिहिणाऱ्यांनो, आधी ते पुसा.

ती होती तेव्हा तिचं संशोधन आपण अडगळीत टाकलं. 'आपण' म्हणजे मीसुद्धा. मी तर सगळ्यांत पुढे होतो.

परवा दुपारी गेली ती. पंधरा दिवसांचं दुखणं, बस. तेव्हापासून आपल्या या शिक्षकांच्या ग्रुपवर मेणबत्त्या आणि जोडलेले हात बघतोय आणि डोकं फिरलंय.

माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शोभाताई सावली तालुक्याकडच्या, मासेमारी करणाऱ्या घरातली. धानोरा तालुक्यातल्या एका लहानशा गावात पहिली-दुसरीला शिकवायची. एम.एड.ला आम्ही एका बाकावर. मी वयाने लहान, म्हणून मला संजू म्हणायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची.

तिच्या लघुप्रबंधाचा प्रश्न साधा होता. चित्रकार्डांनी शिकवलं तर पोरं लवकर वाचायला लागतात का?

वर्षभर तिने कार्डांनी शिकवलं. शेजारच्या गावात नेहमीसारखं पुस्तकातून. शेवटी दोन्हीकडच्या पोरांची चाचणी घ्यायची आणि फरक बघायचा.

चाचणीची वेळ आली ती ऐन मोहाच्या हंगामात.

त्या दिवसांत आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला सकाळीच घरं रिकामी होतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. खालचा पाचोळा आधीच साफ केलेला, म्हणजे पडलेलं फूल दिसावं. वेचण्यात लहान पोरं तरबेज.

त्यामुळे वर्ग अर्धा.

बाकीचे काय करतात? हजर पोरांची चाचणी घेतात. उरलेल्यांपुढे 'गैरहजर' लिहितात. झालं काम.

ही बाई पिशवीत कार्डं घालून जंगलात गेली. दोन्ही गावांच्या. पायी, झाडाझाडाखाली.

एक दिवस मी सोबत होतो. एक मुलगी टोपली सोडायलाच तयार नव्हती. ताई तिच्याशेजारी बसून फुलं वेचू लागली, तेव्हा कुठे पोरीने कार्ड हातात घेतलं. दोन शब्द वाचले, तिसऱ्यावर अडकली आणि पुन्हा वेचायला लागली.

"लिव, संजू. दोन."

"ताई, पोरगी थकली हाये. शाळेत असती तं वाचली असती."

"असती तं. पन नाई नं शाळेत."

निकाल असा आला. शाळेत नियमित येणाऱ्यांना कार्डांचा चांगला फायदा. जंगलात जाणाऱ्यांना जवळजवळ काहीच नाही. धान, मोह, तेंदू, प्रत्येक हंगामात त्यांचे आठवडे बुडत होते. सगळे मिळून बघितलं तर फरक नावापुरता.

गाइड म्हणाले, "मॅडम, हे मोहवाले विद्यार्थी काढून टाका. निकाल झकास येईल."

"सर, माह्या हजेरीपटावर नाव हाये त्यायचं. काढू कशी?"

नाही काढलं. पुढे एका नियतकालिकाकडे लेख पाठवला, तो परत आला. फरकच पडत नसेल तर छापायचं काय, असा एकूण सूर.

मग मी नागपूरला संशोधनाच्या नोकरीत लागलो. आमच्या टीमकडे काम आलं: याच कार्ड-पद्धतीवर मेटा-अ‍ॅनालिसिस करा. म्हणजे एकाच प्रश्नावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास गोळा करायचे, लहान-मोठ्याचं वजन धरून त्यांचे निकाल एकत्र करायचे आणि एक उत्तर काढायचं. एकट्यादुकट्या अभ्यासावर विसंबण्यापेक्षा हे बरं. मी आजही हे मानतो.

पण गोळा काय केलं आम्ही? जवळपास प्रत्येक अभ्यासात फक्त हजर पोरं मोजलेली. ज्यांना फरक दिसला नाही, त्यांचे कागद कॉलेजांच्या कपाटांत.

त्यातला एक मला माहीत होता. मी तो मागवलासुद्धा. आणि एक्सेलमध्ये 'वगळण्याचे कारण' या रकान्यात मी माझ्या हाताने टाइप केलं: अप्रकाशित, चाचणी शाळेबाहेर.

शाळेबाहेर! पोरंच शाळेबाहेर होती, तर चाचणी कुठे घ्यायची होती तिने?

रिपोर्ट निघाला. पद्धत परिणामकारक. कार्डांचे खोके शाळाशाळांत पोचले.

ताई तिकडे अर्ज करत होती की मोहाच्या दिवसांत शाळा दुपारची करा, पोरं येतील. उत्तरादाखल तिलाच कारणे दाखवा नोटीस. पद्धत सिद्ध झाली आहे, मग तुमच्याच वर्गातली मुलं मागे का? सोबत आमचा रिपोर्ट जोडलेला.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"संजू, एक ओळ लिवून दे रे. जंगलात जानारे पोरं तुमी मोजले नाईत म्हनून. नोटिसीच्या उत्तराले जोडतो."

"ताई, रिपोर्ट निघून गेला. आता नाई जमत."

"तू होता नं तिथी? तुले ठाऊक हाये नं?"

"हाये ठाऊक."

"मंग काऊन?"

मी म्हणालो, मीटिंग आहे, नंतर बोलतो. मीटिंग नव्हती. नंतर बोललोही नाही.

आज सकाळी टीमला मेल केला. तिचा अभ्यास धरा, नाहीतर हा निष्कर्ष फक्त हजर पोरांपुरता आहे हे तरी छापा. लगेच उत्तर आलं. अहवाल अंतिम झाला आहे, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.

भावना नाहीत हो. डेटा आहे. तिने पायी फिरून आणलेला.

म्हणून इथे, माझ्या नावानिशी लिहितो: जंगलात जाणारी मुलं आमच्या अहवालात मोजलेली नाहीत, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्या शिक्षकाला हे साहेबापुढे ठेवायचं असेल त्याने खुशाल ठेवावं.

काल घाटावरून परतल्यावर ताईच्या मुलीने मला एक कागद दाखवला. नोटिशीचं उत्तर, ताईच्या अक्षरात, सगळे मुद्दे मांडलेले. खाली सही नाही. सहीच्या जागेच्या वर एक ओळ कोरी सोडलेली आणि बाजूला पेन्सिलने लिहिलेलं, 'संजू पाठवणार आहे.'

माझं चुकलं, ताई.

शेवटचा नमस्कार.