ख्रिस्तोफरच्या कपाटातले जबडे

माझे दात खोटे आहेत, वरचे आणि खालचेही. मीच सांगून टाकते, कारण ज्याने ते केले तो मेला तरी सांगणार नाही.

त्याचं नाव ख्रिस्तोफर. शिरूरला मिशन कंपाउंडाच्या मागे एका खोलीत तो कवळ्या करतो. डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेतात, ते याच्याकडे येतं. हा मेणात दात लावतो, साचा घालतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि बसवायच्या दिवशी स्वतः दवाखान्यात हजर राहतो. तालुक्यातलं निम्मं हसू त्याच्या हातचं आहे. खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात प्लॅस्टरचे शे-दोनशे जबडे ओळीने मांडलेले. एकावरही नाव नाही, नुसते आकडे.

"माझा कुठला रे?" मी एकदा विचारलं.

"ओळखा बाई."

बाई म्हणतो, कारण शाळेत माझ्या हाताखाली शिकला. तेव्हाही थापाड्या होता, आज पन्नाशी उलटली तरी तसाच आहे. ट्रॅफिक पोलिसाने अडवलं की याची आई आयसीयूत असते. ती बिचारी जाऊन बारा वर्षं झाली. क्रिकेटची मॅच रविवारी आली की हा चर्चला तापाने फणफणतो. तंबाखू सोडल्याचं बायकोला, लिडियाला, दर नाताळात वचन देतो. लिडिया मला म्हणते, "बाई, हा खरं कधी बोलतो ते मला कळवा, मी केक करीन."

पण कुणाच्या तोंडात काय आहे, यावर चकार शब्द नाही. लाच दिली, दम दिला, मटण खिलवलं, तरी नाही.

मी तत्त्वज्ञान घेऊन पुण्याला बी. ए. झाले. धंद्याची नीती वेगळी आणि माणसाची नैतिकता वेगळी, हे समजावण्यात आमच्या प्राध्यापकांनी अख्खं सत्र घालवलं. मला ओ की ठो कळलं नाही. पेपरात मात्र मी चार पानं लिहिली. कळलं ते गेल्या जानेवारीत, सुलक्षणाच्या लग्नाच्या वेळी.

सुलक्षणा तेव्हा माझी भाडेकरू. वरच्या खोल्यांत राहायची, रांजणगावच्या कारखान्यांतल्या पोरांना डबे पुरवायची. एकावन्न वर्षांची, विधवा. पहिल्या नवऱ्याने लग्नात नोकरी खोटी सांगितली, वय खोटं सांगितलं, दारूचं तर बोललाच नाही. ते सगळं तिने निस्तरलं, त्याचं शेवटचं आजारपणही काढलं. आता खुटबावच्या बाळासोंचं स्थळ आलं होतं. पंचावन्नचे, विधुर, पाच एकर ऊस, मुलगी सासरी. सुलक्षणाची अट एकच होती: काहीही चालेल, पुन्हा खोटारडा माणूस नको.

मोबाईलवर फोटो आला. माणूस हसत होता. मी चष्मा लावून पाहिलं आणि म्हटलं, "सुलक्षणा, हे दात बघ. मक्याच्या कणसासारखे ओळीत. पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याला असले दात?"

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे इथूनच सुरुवात?"

ख्रिस्तोफरला ती राखी बांधते. सरळ त्याच्या खोलीवर गेली, मी मागोमाग.

"दादा, हे दात तुझे का?"

त्याने फोटो पाहिला. "माझे माझ्या तोंडात आहेत."

"चेष्टा नको. तू केलेत का?"

"त्यांनाच विचार."

"पहिल्या भेटीत दात विचारू? कसं दिसेल ते?"

"मग विचारू नको."

मी मध्ये पडले. "अरे गाढवा, बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न आहे! एरवी दिवसाला दहा थापा मारतोस आणि आज हरिश्चंद्र झालास?"

"बाई, थापा माझ्या स्वतःच्या असतात. दात लोकांचे असतात." तंबाखूची पुडी खिशात सारत तो म्हणाला, "आणि उद्या तुमचं कुणी विचारलं तर?"

"सांग की! मी काय घाबरते?"

"तुम्ही नाही घाबरत. सगळे काय बाई असतात?"

सुलक्षणा उठली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "ठीक आहे दादा. लग्न ठरलंच तर माझ्या नवऱ्याचा कान पिळायला मी दुसरा भाऊ बघीन."

हे त्याला लागलं. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि पोशाख घ्यायचा, यासाठी तो स्थळ आल्यापासून तयारी करत होता. शर्टाचा रंगसुद्धा त्याने लिडियाकडून पास करून घेतला होता. तरी बोलला नाही. मला त्याचा इतका राग आला की तीन दिवस मी कवळी न घालता त्याच्यासमोरून हिंडले.

रविवारी अकराला बाळासो आले. ख्रिस्तोफरही आला, पाद्रीसाहेबांकडे तापाचा निरोप गेला होता. सुलक्षणा त्याच्याशी बोलली नाही. पाहुण्यांनी स्वतःच्या रानातला ऊस आणला होता, पाच कांडी बांधून. माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. हुरडा, पोहे सगळं बाजूला सारलं आणि एक कांडं त्यांच्या हातात दिलं.

"घ्या पाहुणे. तुमचाच ऊस. सोला दातांनी, आमच्या सुलक्षणाला बघू द्या खुटबावचा जोर."

सुलक्षणा त्यांच्या तोंडाकडेच बघत उभी. ख्रिस्तोफर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

बाळासो दिलखुलास हसले. "न्हाई बाई, कोयता द्या. ऊस दातानं सोलायचा न्हाई आसं ख्रिस्तोफर पाव्हण्यांनी बजावलंय. त्यांनीच केलीया की ही कवळी! दोन वर्सं झाली, एक दाणा हालला न्हाई."

आम्ही दोघी ख्रिस्तोफरकडे वळलो. बाळासो आळीपाळीने आमच्याकडे बघू लागले. "का वो? तुमाला ठावं न्हवतं? भाऊ म्हटल्यावर त्यांनी पयल्या दिवशीच सांगितलं आसंल म्हणून तर म्या निवांत हाय!"

"दादा!" सुलक्षणा कडाडली. "ते लपवतच नव्हते! मी आठवडाभर या माणसाला खोटारडं समजत बसले. मी नाही म्हणाले असते तर? आज सकाळपर्यंत तेच मनात होतं!"

ख्रिस्तोफरचा चेहरा पडला. "सांग, असं ते मला म्हणाले नव्हते."

"नको आसंबी म्हणलो न्हवतो," बाळासो म्हणाले.

"नाही. पण सांग असंही तुम्ही म्हणाला नव्हतात," ख्रिस्तोफर म्हणाला.

माझी जीभ सुटणार इतक्यात बाळासोंनी हात वर केला. "जाऊ द्या वो. माझं हे उघडं झालं. आता माझ्याकडनं काय लपलेलं न्हाई, तुमच्याकडनं काय लपायचं न्हाई. बास!"

सुलक्षणाचं तोंड उघडंच राहिलं, मग पटकन मिटलं. तिने ख्रिस्तोफरकडे पाहिलं. तो पुन्हा कॅलेंडरात शिरला होता. एकादश्या मोजत असावा.

"माझे पुढचे दोन बसवलेले आहेत," ती खालमानेने म्हणाली. "गॅसची टाकी चढवताना जिन्यावर पडले होते. दादानीच केले."

सहा वर्षं ही बाई माझ्या डोक्यावर राहते, रोज माझ्याशी दात काढून बोलते, आणि मला पत्ता नाही! दुसऱ्यांचे दात ओळखायला निघालेली मी!

"काय सांगता?" बाळासो पुढे वाकले. "बैल घेताना म्या दात बघतो. हितं बघायचं ध्यानातच न्हाई आलं." आणि असे हसले की सुलक्षणालाही हसू आवरेना, दोन्ही दातांसकट.

तो बरोबर होता की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही. बहिणीला दुखावून गप्प बसणारा भाऊ मला आवडत नाही. पण तो बोलका असता, तर सुलक्षणाचे दोन दात तिच्याआधी खुटबावला पोचले असते, आणि मग सांगायची हिंमत तिला कधी करावीच लागली नसती.

लग्न फेब्रुवारीत झालं. कानपिळीची वेळ आली तेव्हा ख्रिस्तोफर जांभळा शर्ट घालून मांडवाच्या खांबाशी उभा होता, पुढे यायला धजत नव्हता. सुलक्षणाने बोहल्यावरून बोट केलं. "ये इकडे." तो आला. तिने आधी त्याचाच कान धरला आणि असा पिळला की लिडियाने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "आता यांचा धर."

जेवताना मी त्याच्या शेजारी बसले. समोरच्या पंगतीत नवऱ्याची मावशी कडक बुंदीचा लाडू कडाकडा फोडत होती. वय ऐंशीच्या पुढे.

मी हळूच कोपराने ढोसलं. "ख्रिस्तोफर, त्या मावशींचे रे?"

"बाई," तो म्हणाला, "मसालेभात घ्या, गरम आहे."