मी फोन कापला नाही

महाडच्या कोर्टात मी नऊ वर्षं वकिली केली. त्यातली पहिली सहा एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली. आम्ही ज्युनिअर त्यांना सर म्हणायचो. उलटतपासणी त्यांनीच मला शिकवली. "साक्षीदाराला श्वास घेऊ द्यायचा नाही," ते सांगायचे. "श्वास घेतला की तो विचार करायला लागतो."

मी फारच चांगली शिकले. वरंधकडच्या एका म्हातारीच्या मुलाचा पंजा बांधाच्या भांडणात कोयतीने तोडला होता. मी आरोपींच्या बाजूने उभी होते. म्हातारीला मी इतकी फिरवली, की मुलाचा कोणता हात तुटला, उजवा की डावा, हेच तिला शेवटी सांगता येईना. आरोपी सुटले. बाहेर व्हरांड्यात म्हातारी माझ्या तोंडावर थुंकली. सरांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "आता तू वकील झालीस."

त्या थुंकीमुळे मी वकिली सोडली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. मी त्यानंतरही तीन वर्षं तेच करत होते. सोडली ती कंटाळ्याने. तारखांवर तारखा, आणि तिथल्या बाकावर वाळत बसलेली माणसं. त्याच सुमारास गावातल्या केबलवाल्याने मला गाठलं. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. म्हणजे एक खोली, एक कॅमेरा आणि मागे निळा पडदा. तो म्हणाला, "मॅडम, कोर्टात तुम्ही बोलता ते बाजारपेठेत ऐकू येतं. तोच आवाज मला द्या."

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी कॅमेऱ्यासमोर बसायला लागले. लोक फोन करून कायद्याचे प्रश्न विचारायचे, फोनच्या स्पीकरसमोर माईक ठेवलेला असायचा. महाडात कार्यक्रम थेट दिसायचा. पोलादपूरच्या केबलवर दुसऱ्या दिवशी त्याची कॅसेट लागायची. हळूहळू मी रोजच्या बातम्या वाचू लागले, साड्यांच्या सेलच्या जाहिराती वाचू लागले, गणपती विसर्जनाचं वर्णन करू लागले. बाजारात बायका मला थांबवून हात धरायच्या. मला ते आवडायचं. शेवटी मी सनद जमा केली. सर म्हणाले, "मूर्ख आहेस. कोर्टात लोक तुला घाबरत होते. आता नुसते बघतील."

एका रविवारी तिसरा फोन एका बाईचा होता. आवाज अगदी बारीक.

"ताई, मी पोलादपूरच्या ष्टँडावरनं बोलते. बूथवरनं. घरवाला मारतो ओ मला. आता म्हनतो, घरातनं निघ. घर त्याच्या नावावर हाय. त्याला काढता येतं काय मला?"

"जरा मोठ्याने बोला," मी म्हटलं. "घाबरू नका. सगळं महाड ऐकतंय तुमचं."

ती मोठ्याने बोलली. सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जास्तच. चुलीतल्या लाकडाने दिलेले डाग, पोटात मारलेल्या लाथा. मी तिला कलम समजावून सांगत होते, तेवढ्यात दार आपटल्याचा आवाज आला. मग पुरुषाचा आवाज. "कुनाला सांगते गो? कुनाला सांगते?" मग ती ओरडली. त्याने तिच्या हातातला रिसीव्हर हिसकावला असणार, कारण पुढचे फटके आम्हाला आतून ऐकू आले. हाडावर प्लॅस्टिक आपटल्याचे. एक, दोन, तीन. ओरडणं थांबलं आणि घशातून नुसता घरघर आवाज यायला लागला, तरी फटके चालूच होते.

कॅमेऱ्यामागे केबलवाला उभा होता. त्याने फोनकडे हात नेला. मी तळवा वर करून त्याला थांबवलं.

मग तार तुटली असावी. स्पीकर मुका झाला.

केबलवाल्याच्या मोटरसायकलवर बसून आम्ही निघालो. जाताना पोलीस चौकीत सांगितलं. पोलादपूरला पोचलो तेव्हा स्टँडसमोर गर्दी होती. बाई बूथच्या पायरीवर बसली होती, कानातून रक्त येऊन ब्लाऊज खांद्यापर्यंत भिजला होता. चाळीसेक माणसं असतील, पण कोणी तिच्या हातभर जवळ जात नव्हतं. नवरा तिथेच उभा होता. तुटका रिसीव्हर अजून त्याच्या मुठीत होता आणि वायर खाली लोंबत होती. शेजारच्या हॉटेलात चहा पीत असताना त्याला तिचा आवाज ऐकू आला होता. बारीक आवाजात बोलत होती तोवर ऐकू आला नव्हता.

त्याने मला ओळखलं. "हीच ती टीव्हीवाली," म्हणाला आणि माझ्या कपाळावर तो रिसीव्हर हाणला. मी गुडघ्यांवर पडले. डोळ्यांत रक्त उतरलं. दुसरा फटका डोक्यात बसला. तिसरा बसला नाही, कारण बूथचा मालक बाहेर आला होता. हा माणूस एका पायाने अधू. त्याने दाराला टेकून तोल सावरला, कुबडी दोन्ही हातांनी उचलली आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. नवरा पडला तरी तो मारतच होता. "माज्या बूथमध्ये? माज्या बूथमध्ये?" पोलिसांनी येऊन त्याला आवरलं.

मला सात टाके पडले. बाईचा उजवा कान कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून मी स्टुडिओत गेले, तर टीव्हीवर तोच भाग चालू होता. सकाळपासून तिसऱ्यांदा. केबलवाला म्हणाला, "लोकांचे फोन येतायत मॅडम, परत लावा म्हणून. पोलादपूरवाले तर मागेच लागलेत." मी मशीनमधून कॅसेट ओढून काढली. त्याने माझा दंड धरला. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत. कॅसेट पोलिसांकडे दिली.

खटला उभा राहिला आणि नवऱ्याचं वकीलपत्र सरांनी घेतलं. ज्या कोर्टात नऊ वर्षं मी प्रश्न विचारले, तिथे मी पहिल्यांदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. सरांनी टीव्ही आणवला, कॅसेट लावली आणि नेमक्या जागी थांबवली. पडद्यावर माझा तळवा होता.

"हा हात कोणाचा?"

"माझा."

"फोन बंद करू नका, असा त्याचा अर्थ?"

"हो."

"बाई मार खात असताना?"

"हो."

"'मोठ्याने बोला, सगळं महाड ऐकतंय', हे तुम्हीच म्हणालात? आरोपीला तिचा आवाज ऐकू आला तो त्यानंतरच, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"फोन का कापला नाहीत?"

फोन चालू असला तर ती कुठे आहे ते कळेल, मदत पाठवता येईल, असं उत्तर मी रात्रभर तयार करून ठेवलं होतं. सर श्वास घेऊ देत नव्हते, तरी मला तेवढ्यात विचार करता आला.

"सगळं गाव ऐकतंय, हे मला तेव्हा आवडलं होतं," मी म्हटलं.

सरांना आणखी काही विचारता आलं असतं, पण ते खाली बसले. न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि मान वर न करता मला जायला सांगितलं.

शिक्षा झाली ती बूथवाल्याच्या साक्षीवर. सरांनी त्याला दोन तास फिरवला, पण तो हलला नाही. त्याने कुबडीने मारल्याचंही छाती पुढे काढून सांगितलं. नवऱ्याला एक वर्ष झालं. मी टीव्ही सोडला आणि रेडिओवर लागले. तिथे प्रश्न पत्राने येतात, उत्तर आधी ध्वनिमुद्रित होतं, पत्र लिहिणाऱ्याचं गाव आम्ही सांगत नाही. आवाज मोठा करायची गरज पडत नाही.

पुढे काही वर्षांनी पाहुण्यांना घेऊन रायगडावर गेले होते. उतरल्यावर हिरकणीवाडीत एका टपरीवर भजी खायला थांबलो. कढईमागे ती बूथवरची बाई बसली होती. तिने मला ओळखलं आणि हाताने डावीकडे ये म्हणून खुणावलं, ऐकू येणाऱ्या कानाशी.

"सुटल्यावर आलेला तो," ती म्हणाली. "इथंच. केस धरले माजे. मी झारा भरून तेल घेतलं, उकळतं, नि तोंडावर मारलं. परत नाय आला." मग भजी उलटत, "ताई, याला कायद्यात काय हाय ओ?"

"कोणी पाहिलं?"

"कोनीच नाय."

"मग मलाही सांगू नका," मी म्हटलं, आणि भज्यांची आणखी एक प्लेट मागितली.