दगडावरची आमरी

माझ्याकडची आमरी मूळची शेजारच्या ताईंची. त्यांचे वडील फौजेत होते. आसामकडच्या नेमणुकीवरून महूला परतताना त्यांनी ओल्या कातळावरचा एक झुबका टॉवेलात गुंडाळून आणला होता. ताई लग्न होऊन महूजवळच, आमच्या शहरातल्या अन्नपूर्णा भागात शेजारी आल्या, तेव्हा तो दगडासकट सोबत आला. ऑर्किड म्हटलं की लोकांना नर्सरीतली कुंडी आठवते. हिला माती चालतच नाही. काळ्या दगडावर काथ्या ठेवून सुतळीनं बांधायची, पुढं मुळं आपणच दगड धरतात.

काही वर्षांपूर्वी ताईंनी घर विकलं आणि त्या मुलाकडे बंगळूरला निघाल्या. जायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बसून आम्ही झुबक्याचे दोन भाग केले. त्या सुरीनं मुळं सोडवत होत्या, मी दगड धरून होते.

तिकडच्या बाल्कनीत त्यांची आमरी पहिल्याच वर्षी फुलली. माझी इथल्या मे महिन्यात होरपळली. हिरवी जाळी लावली, सारखं पाणी शिंपडलं, तरी मोजक्याच कांड्या वाचल्या. फोनवर तसं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दगड कुठे ठेवलाय, ऊन कधी येतं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "सर्दीत पाणी बिल्कुल बंद कर. उपाशी राहिल्याशिवाय ती फुलत नाही गं."

तो हिवाळा मला जड गेला. पानं गळाली, कांड्या सुरकुतल्या, हात सारखा पाण्याच्या मगाकडे जायचा. पूर्वी कंपाउंडवरून नुसती हाक मारली की ताई पदर खोचून यायच्या, माझी कुठलीही कुंडी हात लावून बघायच्या, चहा घेऊनच जायच्या. आता फोटो पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची.

होळीच्या सुमारास उघड्या कांडीवर गाठी दिसल्या, मग फुलं आली. पांढरी, टोकांना जांभळी. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. ताईंनी फुलं डोळे भरून पाहिली, वास येतो का विचारलं. उन्हात मंद येत होता, तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या,

"फूल राहू दे. जरा माझं घर दाखव ना."

मी गच्चीवर गेले, कठड्यावरून फोन धरला. नव्या लोकांनी फाटक बदललं होतं, अंगणात फरशी घातली होती. ताई म्हणाल्या, "फाटक बढिया आहे. आपलं तर कुरकुरायचं."

"मला कळायचं, तुम्ही येताय म्हणून," मी म्हटलं.

पुढच्या होळीला या, असंही म्हटलं. बघू, म्हणाल्या. त्यांचे गुडघे मला माहीत आहेत.

फुलं होती तोवर सकाळचा चहा मी दगडापाशीच घेतला. कधी कधी कप दोन भरले जायचे.