पाठीशी बांधलेले हात

आमच्या जुन्या, नुकत्याच नूतनीकरण झालेल्या घरातील विजेची पाहणी करणारा वायरमन हात पाठीशी बांधूनच घरभर प्रदक्षिणा घालतो. "पाहनी म्हंजे पाहनी, काकाजी. हात लावला का ते रिपेरी झाली," हे त्याचे ब्रीद.

यंदा भाव पडल्याने आम्ही कापूस मागच्या खोलीत छतापर्यंत भरला होता.

"इथला बोर्ड कुठी हाये?"

"कापसामागे," मी म्हणालो.

"तुम्ही भावासाठी थांबान, ठिनगी कायले थांबन?"

त्या व्रतस्थाने प्रथमच हात सोडले आणि कवेत घेऊन कापूस उपसला. मागचा बोर्ड वितळून काळा पडला होता. मी नकळत हात जोडले. नखशिखान्त पांढऱ्या झालेल्या त्याने आपले पुन्हा पाठीशी बांधले.

"मेन बंद करा, काकाजी. आता पाहनी करतो."