शेजारच्या ओळीची खुंटी

हे अंतर्यामी, जमिनीवर जे हिरवे दिसते त्याचे कौतुक करायला सारे जग आहे; जमिनीखाली जे वाकडे वाढते ते पाहायला तू एकटा आहेस. तुझ्यापासून मूळ लपत नाही आणि मन तर त्याहून लपत नाही. म्हणून, हे दयाघना, तुझ्या त्या मातीखालच्या नजरेला आधी नमस्कार. आता तुझ्याच एका लेकराची कथा सांगायची आहे. लेकरू राबणारे आहे, गरीब आहे, कोमल आहे. कोमल होते, असे म्हणू. ती नजर तिच्यावर ठेव, पण जरा मायेने ठेव.

तिला सगळे इस्त्रीमावशी म्हणत. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिने सव्वीस वर्षे चादरींना इस्त्री केली. कोण बरे होऊन गेले, कोण तसेच गेले, हे तिला चादरीवरून कळे, पण ती कधी कोणाजवळ बोलली नाही. मग ओली चादर आत घेऊन घडी बाहेर टाकणारे यंत्र आले. टेबलांपाशी अकरा बायका उभ्या होत्या. मुकादम समोरून चालत गेला आणि एकेका बाईकडे बोट करत म्हणाला, "तू, तू, तू नाही, तू." नऊ जणी गेल्या. दुसऱ्या हातातला चहाचा कप त्याने तेवढ्यापुरताही खाली ठेवला नव्हता. शेवटची "तू" ही होती. पुढे मुकादमाचा चेहरा ती विसरली, ते बोट मात्र विसरली नाही.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीशी खाट आणि खाटेवर यजमान. ते पूर्वी बस चालवत. अर्धांगाने उजवी बाजू नेली. जीभ जड केली, पण तिची धार काढून घेणे त्याला जमले नाही. आठवड्यातले सहा दिवस मावशी आणि ती खाट, आणि सातवा दिवस शेताचा. शनिवारी समोरच्या घरातली सून यजमानांपाशी बसे आणि मावशी पहाटेच्या बसने शहराच्या कडेला जाई.

ते शेत एका माणसाचे नव्हते. चाळीस घरांनी हंगामाच्या आधीच आपापला वाटा घेतलेला असे. पिकेल ते सर्वांचे, गारपीट झाली तर तीही सर्वांची. ज्यांना वाटा घेणे परवडत नसे अशा सहा जणांना श्रमाचा वाटा मिळे: शनिवारी दुपारपर्यंत राबायचे आणि भाजीची एक टोपली घरी न्यायची. जागा सहाच, आणि फाटकाशी लावलेल्या कागदावर वाट पाहणाऱ्यांची नावे वीस. प्रत्येकाला एक ओळ नेमलेली, आणि ओळीच्या तोंडाशी लाकडी खुंटी. मावशीच्या खुंटीवर रंगाने इस्त्री काढलेली होती. त्या खुंटीपाशी पोचली की तिचे पाय आपोआप झपझप पडत. रोग्याची नव्हे, औषधाची नव्हे, अशी तिची स्वतःची म्हणावी अशी जगात एवढीच एक जागा होती.

शेत सांभाळणाऱ्या ताई शिकलेल्या, हसऱ्या आणि गोड बोलणाऱ्या. त्यांनी मोठ्या प्रेमाने एक रिवाज घालून दिला होता. श्रमाचा वाटेकरी शेत सोडून निघाला की त्याची खुंटी शेजारच्या ओळीच्या माणसाने उपटायची आणि त्याच्या हातात द्यायची. "निरोप परक्या हातानं नको," ताई म्हणत. ऐकायला किती छान!

मावशीच्या शेजारची ओळ घड्याळकाकांची. पंचाहत्तरीचे, जन्मभर घड्याळे दुरुस्त केलेले. आता डोळ्यांत इतके धुके की स्वतःच्या मनगटावरची वेळ दुसऱ्याला विचारत. पण बोटे तल्लख आणि तोंड त्याहून. दर शनिवारी ते यजमानांसाठी मावशीबरोबर एक विनोद पाठवत. "वहिनी, सांडू नका हं वाटेत," असे बजावून. यजमान आठवडाभर त्यावर जगत. मावशी दारात पाऊल टाकते न टाकते तोच खाटेवरून आवाज येई, "भाजी राहू दे गं. माल कुठाय?"

त्या हंगामात गाजर पेरले. बी ते केवढे, राईला मोठी बहीण म्हणावे लागेल एवढे. मावशीची ओळ दाट उगवली, आणि दाट उगवलेल्या गाजराची विरळणी करावी लागते. ताई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"मावशी, चार बोटांवर एक रोप ठेवायचं. मधली सगळी काढायची."

"चांगली आहेत हो ही. टवटवीत आहेत."

"अहो, चांगलीच काढायची असतात. वाईट आपली आपण मरतात." ताई हसल्या. "काढली की टाका तिकडे ढिगावर."

मावशीने बोट पुढे केले. तू. तू. तू नाही. तू. आणि तिचा हात थरथरू लागला. सव्वीस वर्षे तापलेले लोखंड धरून जो हात हलला नव्हता, तो दोन पानांच्या रोपासमोर लटलट कापू लागला! काय हे, देवा, काय ही तुझी करणी. दया दिलीस, पण दयेला अक्कल द्यायची विसरलास.

शेजारी काकांची ओळ होती. त्यांना बी दिसतच नसे. एका जागी मूठभर पडलेले, पुढे हातभर माती उघडी. इकडे जागेवाचून गुदमरणारी रोपे, तिकडे रोपांवाचून पडलेली जागा. मावशीला वाटले, देवानेच मांडून ठेवले आहे. काका पाण्याची झारी भरायला पंपाकडे निघाले की त्यांना जायला-यायला बराच वेळ लागे. तेवढ्यात ती आपली उपटलेली रोपे त्यांच्या ओळीत बोटाने भोक पाडून लावून टाकी. चार बोटांवर एक, चार बोटांवर एक. तीन शनिवार तिने हे केले. कोणाला विचारावे असे तिच्या मनातही आले नाही. वांगी लावताना, कोबी लावताना ताईंनीच शिकवले होते, रोप उपटा आणि दुसरीकडे लावा. मग गाजरानेच काय घोडे मारले होते?

गाजराने घोडे मारलेले नसते. पण त्याचे एकच मूळ सरळ खाली जाते, आणि तेच आपल्याला खायचे असते. ते एकदा उपटले, मुडपले, की पुन्हा सरळ होत नाही. वर मात्र पाला डोलत राहतो.

काकांची ओळ अशी भरली की पाहत राहावे. ताईंनी सर्वांसमोर कौतुक केले, फोटो काढला. "काका, शिका म्हणावं तरुणांनी!" काकांनी पाल्यावरून बोटे फिरवली. चार बोटे मोजली. पुढे सरकून पुन्हा चार बोटे मोजली. मग हात झटकून म्हणाले, "असेल बुवा." त्या दिवशी यजमानांसाठी विनोद पाठवायला ते विसरले. मावशी मात्र आनंदाने घरी गेली. तिला वाटले, रोपेही वाचली आणि म्हाताराही वाचला.

काढणीच्या दिवशी चाळीस घरांची माणसे शेत पाहायला आली. मुले होती, टोप्या होत्या, कोऱ्या चपला चिखलात रुतत होत्या. सकाळीच ताईंनी सहा जणांना बाजूला घेऊन सांगितले होते की पुढच्या हंगामापासून श्रमाच्या जागा पाचच राहतील. "कोणाची जाईल ते आज ठरवू. मनाला लावून घ्यायचं नाही हं." मावशीने आपल्या खुंटीकडे पाहिले आणि पदर खोचला.

तिची ओळ आधी निघाली. एकेक गाजर सरळ, भरदार, जणू इस्त्री केलेले. का निघणार नाही? विरळणी तर झालीच होती. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग सगळे त्या फोटोतल्या ओळीकडे वळले.

पहिले गाजर निघाले ते दोन तंगड्यांचे. दुसरे तीन तंगड्यांचे. तिसरे स्वतःलाच वेटोळे घालून बसलेले. मुले किंचाळली, "नाचतंय, नाचतंय!" आणि त्यांनी दोन गाजरांची कुस्ती लावली. सभासदांत दातांची एक डॉक्टरीण होती. तिने एक गाजर उजेडात धरले. "अशी मुळं मी दाढेला पाहिलीत. गाजराला आजच पाहते!" हशा पिकला. कोणी म्हणाले, "काका, बी पेरलंत की घड्याळाचे काटे?" पुन्हा हशा. काका आवाजाच्या दिशेने हसत राहिले. टोमणा कोणाला आहे हे कळायला त्यांना एक क्षण उशीर लागत होता, आणि तो उशीर पाहून लोक आणखी हसत होते.

ताईंचा आवाज मधासारखा झाला. "काका, हात दुखतात ना हल्ली? दिसतही नाही. आता घरी बसा, विश्रांती घ्या. तुमच्या काळजीपोटीच सांगते हं."

"पण ताई, मी हे..." काका म्हणाले, आणि थांबले. त्यांनी चेहरा मावशीच्या बाजूला वळवला. पाहायला नव्हे, दिसत तर नव्हतेच, कान देण्यासाठी.

तीन शब्द पुरले असते. ती मी लावली. संपले. मावशीच्या घशात ते तीन शब्द आले. पण तिला दिसली फाटकावरची वीस नावे. दिसली खिडकीशी खाट, आणि सहाऐवजी आठवड्याचे सातही दिवस तिच्यापाशी. आणि दिसले एक बोट. ते या खेपेला पुढे सरकत होते, तिच्यावरून पुढे. तू नाही, असे म्हणत. हे प्रभो, "तू नाही" हे शब्द किती गोड असतात! तिने खोचलेला पदर पुन्हा घट्ट खोचला.

"मावशी, तुम्ही शेजारच्या ना?" ताई म्हणाल्या. "काढा खुंटी."

घड्याळ काढलेली ती खुंटी मातीत घट्ट होती. पहिल्या हिसक्याला आली नाही. डॉक्टरीण ओरडली, "हलवून हलवून काढा मावशी, दाढेसारखी!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने खुंटी हलवली, हलवली आणि उपटली. काकांच्या हातात दिली.

काकांनी ती बोटांनी चाचपली. मग हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असे म्हणाले, "वहिनी, मागचा विनोद राहिला होता. आज घेऊन जा. यजमानांना सांगा, एका आंधळ्या घड्याळजीनं जन्मात पहिल्यांदा सरळ ओळ पेरली. तीही उपटलेल्या रोपांची." एवढे बोलून ते फाटकाकडे निघाले. फाटक नेमके कुठे आहे हे त्यांना कोणीतरी हाताला धरून दाखवावे लागले. ती व्यक्ती मावशी नव्हती.

सभासदांनी सरळ गाजरे नेली. श्रमाच्या टोपलीत उरली ती तंगड्यांची. मावशी घरी ती सोलत बसली. फाट्यांच्या बेचक्यांत माती अडकलेली, सुरीच्या टोकाने काढली तरी निघेना.

"अगं, हे गाजर आहे की नांगर?" यजमान म्हणाले. "आणि माल कुठाय आज?"

तिने विनोद सांगितला, एक शब्दही न सांडता. यजमान इतके हसले की ठसका लागला. डोळे पुसून म्हणाले, "भारी आहे म्हातारा! कळला नाही नीट, पण भारी आहे. त्याला म्हणावं, एकदा भेटायला ये." मावशीने त्यांना पाणी पाजले.

पुढच्या हंगामात काकांची ओळही तिच्याकडे आली. दोन्ही ओळींत गाजर दाट उगवले. विरळणीच्या दिवशी सभासदांच्या घरातली एक नवी सून हौसेने मदतीला आली होती. पहिले रोप उपटताना ती थबकली. "मावशी, ही तर किती टवटवीत आहेत."

मावशीचे बोट भराभर चालले होते, आणि हात कणभरही हलत नव्हता. मान वर न करता ती म्हणाली, "चांगलीच काढायची असतात, बाळा. वाईट आपली आपण मरतात." आणि मूठभर रोपे तिने ढिगावर फेकली.

काकांचे शेत सुटल्याचे तिने घरी अजून सांगितलेले नाही. शनिवारी परतताना बसमध्ये ती स्वतःच एक विनोद रचते आणि काकांच्या नावावर सांगते. यजमान ऐकतात, वाट पाहतात, मग भिंतीकडे पाहून म्हणतात, "हल्ली काकांची धार गेली गं."

हे अंतर्यामी, या कथेचे माप तुझ्या पदरात घातले आहे. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला सुखी ठेव. खाटेवरच्या त्या बसवाल्याची जीभ शेवटपर्यंत शाबूत राहू दे आणि त्याच्या वाट्याला पुन्हा एखादे खरे हसू येऊ दे. जो वृद्ध आपली खुंटी घेऊन घरी बसला आहे, त्याच्या दारी कोणीतरी जाऊ दे. कोणी जावे, ते तुला ठाऊक आहे. तिच्या टोपलीत सदा भाजी असो, तिच्या चुलीला सदा आच असो. आणि हे दयाघना, तिला सारे दिल्यावर एवढे एक आणखी दे, की पुढच्या पेरणीला, दोन पानांच्या रोपासमोर, तिचा हात पुन्हा थरथरू दे.