तक्रार एकही नाही

सुभद्राकाकी मला आग्रह करकरून वाढत होत्या, पण स्वतःच्या पानाला हात लावत नव्हत्या. नार्व्याला त्यांच्या घरी गणपतीच्या चवथीचं जेवण होतं. खतखतं, वडे, ताज्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या. माझ्या नेवऱ्यांवर नेवऱ्या चालल्या होत्या. काकींची पहिलीच तशी पडून होती.

"काकी, जेवा ना."

"जेवतंय गो बाय. तू जेव आदी."

मी डिचोलीत दातांचा दवाखाना चालवते. शिवाय एका संस्थेच्या फिरत्या गाडीतून गावोगाव जाते. काही महिन्यांपूर्वी याच गावात आम्ही म्हाताऱ्या माणसांना फुकट कवळ्या बसवल्या होत्या. काकी त्यांतल्याच. त्यांचा मुलगा शाबा खाणीवर ट्रक चालवतो. तो आपली दाढ दाखवायला आला तेव्हा म्हणाला होता, "आईन सांगलंय, डॉक्टरणीक चवथीक घेऊन ये." मी आपली मानाची पाहुणी म्हणून फुगून बसले होते.

माझा आग्रह फारच झाला तेव्हा काकींनी नेवरीचा तुकडा तोंडात घातला. लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठाच्या कडेला रक्त दिसलं.

मी हात धुऊन आले, कवळी काढायला लावली आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. खालच्या हिरडीवर चांगलीच जखम होती.

"रोज घालता ना ही?"

शाबाच बोलला, "खंयची रोज! पेज जेवूक दात कित्याक? तुमी येतलात म्हणान आज घातल्यान."

"तू दिलेले दात," काकी म्हणाल्या. "तुज्यासमोर बोळक्या तोंडान कशी बसू गो?"

म्हणजे माझा मान राखायला बाई सकाळपासून ते दुखणं तोंडात धरून बसली होती. आणि मी वर जेवा जेवा करत होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

नवी कवळी कुठे ना कुठे टोचतेच. त्यात नवल नाही. टोचणारी जागा शोधून तिथे ती जराशी घासायची, त्याला आम्ही ट्रिमिंग म्हणतो. दहा मिनिटांचं काम. माझे डिचोलीतले पेशंट दुसऱ्याच दिवशी भांडायला येतात, मी घासून देते, ते घरी जातात. नार्व्यात आम्ही कवळ्या बसवल्या, हसरे फोटो काढले आणि गाडी पेडण्याकडे वळवली. नंतर कुणी आलं नाही. येणार कसं? त्यासाठी कुणाला तरी कामावर खाडा करून म्हाताऱ्यांना डिचोलीला आणावं लागलं असतं. मी मात्र त्याचा अर्थ लावला की सगळं झकास बसलंय. संस्थेच्या मीटिंगमध्ये छाती काढून सांगितलंही, "तक्रार एकही नाही."

"शाबा, दाढ दाखवायला आलास तेव्हा तरी सांगायचंस."

"धर्माच्या गायचे दात कोण मोजता, डॉक्टर?" तो हसला. मला हसता येईना.

दुसऱ्या दिवशी तो काकींना दवाखान्यात घेऊन आला. मी कवळी घासली, जखम भरेपर्यंत घालू नका म्हटलं. गावात बाकीच्यांचंही तेच, असं काकींकडून कळलं आणि मी संस्थेच्या साहेबांना फोन लावला.

"गाडी परत नार्व्याला पाठवा."

"नार्वे कम्प्लीट झालंय, मॅडम. तिथून तक्रार एकही नाही. तुम्हीच सांगितलंत."

"चुकीचं सांगितलं. लोक जेवताना कवळ्या काढून ठेवताहेत."

दोनदा सांगावं लागलं, पण गाडी गेली. म्हातारी माणसं आली. कुणी रुमालात, कुणी बिस्किटांच्या डब्यात कवळ्या आणल्या. लग्नाबिग्नाला तेवढ्या घालतो म्हणाली. त्रास झाला त्याबद्दल एकानंही मला बोल लावला नाही. उलट एक आजोबा म्हणाले, "आमचीच हाडां वाकडी, तुमी काय करतलात?" बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

काकी आता भाकरी चावतात. जी माणसं गाडीवर आलीच नाहीत, त्यांचं मला ठाऊक नाही.

हल्ली कवळी दिल्यावर "बरी बसली का?" असं मी विचारत नाही. फुकट घेणारा माणूस होच म्हणतो. मी त्याच्या हातात उंडा, आमच्याकडचा कडक पाव, देते आणि म्हणते, चावून दाखवा.